बारावा दिवस

"बापू, तुमच्याच धड्यावर अनुदान मंजूर झालं, अन् तुम्हीच येत नाही म्हणता?"

व्यंकटनं तिसऱ्यांदा विचारलं.

सटवाजीबापू आपल्या दीड एकराच्या बांधावर बसले होते. समोर काळं रान. पावसाची झड उघडून चार दिवस झाले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

"कसला धडा?"

"वापशाचा."

पाऊस उघडल्यावर एक वेळ अशी येते की माती चिखलही नसते आणि ढेकूळही नसते. तेव्हाच औत घालायचं. तो वापसा. एक दिवस आधी गेलं तर रान तुडवलं जातं, एक दिवस उशीर केला तर फाळ रुतत नाही. बापूंनी चौथीनंतर शाळा पाहिली नव्हती. तीस वर्षं सरकारी बियाण्याच्या फार्मवर मजुरी केली. पण मूठभर माती दाबून ते ही वेळ सांगत, आणि साहेब लोक त्यांना विचारून ट्रॅक्टर बाहेर काढत.

व्यंकट तेव्हा तिथं नवा कृषी सहायक होता. आता प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला होता. नऊ वर्षांत त्याचे चार प्रस्ताव परत आले, पाचवा मंजूर झाला. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, राज्यभरातल्या कृषी सहायकांना शेतात उभं करून शिकवायचं. पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं, हातानं वापसा ओळखणे. वरचे साहेब त्या एका ओळीवर भुलले होते.

"सोमवारी पहिली तुकडी येतीय, बापू. बाकी सगळं पुस्तकात आहे. हे हाताचं तेवढं नाही."

"किती दिवसांची तुकडी?"

"तीन."

बापू गालात हसले. "तीन दिवसांत तर पाव्हणाबी पोटभर जेवत न्हाई, लेका."

व्यंकट हसला नाही.

"जा, माती आण," बापू म्हणाले.

व्यंकट बूट काढून रानात उतरला. मूठभर माती आणून त्यानं बापूंच्या उजव्या तळव्यावर ठेवली.

बोटं मिटली नाहीत. माती फटींतून धोतरावर सांडली.

"बापू...?"

"मागल्या पोळ्याला अंगावरून वारं गेलं. तवापासून ह्याला जाळ कळत न्हाई अन् गारवाबी."

मागल्या पोळ्याला व्यंकट मुंबईत होता, पाचव्या प्रस्तावाच्या बैठकीला. बापू आजारी असल्याचा निरोप त्याला मिळाला होता. काम उरकलं की येतो, असं त्यानं उलट कळवलं होतं.

"मग... डावा?"

"डाव्यात जन्मभर कासरा. त्यानं बैल ओळखला. माती न्हाई."

व्यंकटनं घाईघाईनं वही काढली. "तुम्ही नुसतं सांगा. मी लिहून घेतो. पुस्तकात म्हणतात, गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला की वापसा."

"कोकणातला तांबडा गोळा असाच फुटतो?"

"...ठाऊक नाही."

"मलाबी न्हाई. मी हे शिवार सोडून गेलो कुठं?"

टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. बापू तिच्याकडं बघत राहिले.

"तुला शिकवलं होतं की मी."

"अकरा दिवस," व्यंकट खाली मान घालून म्हणाला.

त्या वर्षी अशीच झड लागली होती. रोज सकाळी बापू त्याच्या मुठीत माती देत आणि विचारत, "आला का?" तो दाबून बघे, नाही म्हणे. "बरोबर. उद्या ये," बापू म्हणत. अकरा दिवस हाताला नुसता चिखल लागला. बाराव्या दिवशी पुण्यात पहिला प्रस्ताव द्यायची शेवटची तारीख होती. व्यंकट सकाळच्या एसटीनं निघून गेला. पुढं बदली झाली, आणि येऊ येऊ म्हणता नऊ वर्षं गेली.

"बाराव्या दिवशी मी फार्मावर उभा होतो," बापू म्हणाले. "मूठ भरून. म्हटलं, उशीर झाला असंल पोराला."

"अन् मग...?"

"त्या दिवशी आला होता वापसा."

व्यंकटनं वही मिटली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "हेच शिकवायचं म्हणून अनुदान मागायला गेलो होतो, बापू."

बापूंनी डाव्या हातानं धोतरावरची माती गोळा केली. ती व्यंकटच्या तळव्यावर ठेवून त्याची बोटं एकेक करून मिटली. मग आपला उजवा हात डाव्यानं उचलला आणि त्या मुठीवर ठेवला.

"दाब."

"किती?"



व्यंकटनं दाबलं. वरचा हात गार होता. त्याला काही कळत नव्हतं, आणि खालच्यालाही.

"आला का?" बापूंनी विचारलं. नऊ वर्षांपूर्वीच्याच आवाजात.

व्यंकटनं सवयीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तो 'नाही' म्हणाला की तिथं 'बरोबर' उमटायचं.

"माझ्याकडं नको बघू. मला आता कळत न्हाई."

व्यंकटनं मूठ उघडली. मातीवर बोटांचे ठसे उठले होते. ते बघता बघता त्याचे डोळे भरले आणि एक टपोरा थेंब मातीवर पडला. मागोमाग दुसरा...

बापूंनी चटकन डावा तळवा मातीवर आडवा धरला.

"भिजवू नको रे," ते म्हणाले. "पुन्हा वाळायची वाट बघणं मला जमायचं न्हाई."