मोहरेचा वाडगा

फार मागे, एका संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात फ्रान्सहून आलेला चिनी मातीचा एक वाडगा होता. काठाला सोनं, बुडाला तिथल्या राजाची मोहर. शेजारच्या माठाला तो म्हणायचा, "बाजारात तुला येणारा-जाणारा टिचकी मारून बघतो. मला हात लावायलाही राजाची परवानगी लागायची."

पण त्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात केसाएवढा तडा गेला आणि त्याची झोपच उडाली. मेजवानीच्या दिवशी खानसामा तुळाजी एकेक भांडं वाजवून घेऊ लागला. खणखणीत वाजलं की मेजावर, बद्द वाजलं की माळ्यावर. टिचकी जवळ येऊ लागली तसा वाडगा माठाला म्हणाला, "आता माझा तडा कळणार."

"वाजू दे की," माठ हळूच म्हणाला. "माळ्यावर जाशील, पण आख्खा राहशील."

"माळ्यावर? मी? देवा, त्याला माझी मोहर दिसू दे."

तुळाजीने वाडगा उचलला, बोट वाकवलं, आणि त्याची नजर बुडाकडे गेली. बोट तिथेच थांबलं. "राजाघरची वस्तू. हिला काय वाजवून बघायचं," असं पुटपुटत त्याने वाडगा अदबीने मेजावर मधोमध ठेवला.

वाडग्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चुलीवरून उकळत्या रश्श्याचं पातेलं उतरलं, आणि ते घेऊन तुळाजी सरळ त्याच्याकडेच येऊ लागला. वाडगा मनातल्या मनात विनवू लागला, "तुळाजी, एक टिचकी मार रे. एकच."

पण राजाच्या मोहरेवर शंका घ्यायची तुळाजीची छाती नव्हती. त्याने पातेलं कलतं केलं.