हळद गाठीपर्यंत कशी पोचली

फार जुन्या काळी रूपकळी हत्तीणीच्या पोटात गाठ झाली. तिचं खाणंपिणं सुटलं.

“मी बरी करते!” म्हणत हळद ऐटीत तिच्या पोटात शिरली. पण रक्तात ती विरघळेना. वर तिचा झळझळीत रंग पाहून शरीराच्या पहारेकऱ्यांनी तिला लगेच बाहेर काढलं. असं तीनदा झालं.

रडवेली हळद धावड्याच्या डिंकाकडे गेली. “डिंकदादा, मला तिथवर कुणी जाऊच देत नाही!”

“माझ्या कुशीत बस, मी नेतो. पण तुझा रंग कुणाला दिसणार नाही. चालेल?”

हळदीला रंगाचा भारी अभिमान. ती घुटमळली. तेवढ्यात रूपकळी कण्हली.

“चालेल! चला लवकर!”

डिंकाने डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक गोळ्या केल्या आणि हळदीला त्यांत लपवलं. पहारेकऱ्यांना संशयही आला नाही. गाठीपाशी गोळ्या हळूहळू विरघळल्या आणि हळद कामाला लागली.

महिन्याभरात गाठ जिरली. रूपकळीने अख्खी केळ बुंध्यासकट फस्त केली. रानभर हळदीचा जयजयकार झाला.

मग एक म्हातारं अस्वल आलं. “हळदबाई, माझ्याही पोटात गाठ आहे. येता का?”

“येते की,” हळद म्हणाली, “पण थांबा हं, आधी डिंकदादांना विचारून येते.”