बोनेटवरचा ओरखडा

माणसं जेवायला गेली की गॅरेजातली हत्यारं गप्पा मारायची, त्या काळची ही गोष्ट.

तातोबा मिस्त्रींकडे ऐंशी वर्षांची एक मोटार तीन दिवसांच्या घाटातल्या शर्यतीसाठी सजत होती. नवे पाने तिचे नट आवळत आणि कोपऱ्यातल्या लांब पेचकसाला हसत. "टोक झिजलंय. एक स्क्रू फिरत नाही याच्यानं."

पेचकस मोटारीला म्हणाला, "आक्का, जरा तुझं पोट ऐकू दे."

"मला काय धाड भरलीय? रंगाला ओरखडा काढशील," मोटार फणकारली.

तेवढ्यात तातोबा मोटारीचे मालक भैयासाहेब यांना घेऊन आले. तातोबांनी इंजिन चालू केलं, पेचकसाचं टोक त्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पेचकसानं आतली बारीक टकटक जशीच्या तशी कानात पोचवली.

"बेअरिंग गेलंय, भैयासाहेब. इंजिन खोलावं लागेल."

"अहो, रंग कालच वाळलाय."

"रंग पळत नाही, मालक."

इंजिन खोललं. त्या गडबडीत पेचकस बोनेटवर घासला आणि खरंच ओरखडा उठला. मोटार चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर तिच्या वयाच्या चकचकीत गाड्या वाफा सोडत कडेला उभ्या होत्या. ही हॉर्न वाजवत त्यांच्यामधून वर गेली आणि पहिली आली.

गळ्यात हार घालून ती गॅरेजात परतली. ओरखडा बुजवायला भैयासाहेब तिला रंगाऱ्याकडे न्यायला निघाले, तर ती काही केल्या चालूच होईना.