हिरव्या डोंगराचा कापूस

एक राज्य होतं. तिथे सगळ्यांना आगीची भीती वाटे, दुसऱ्या कशाची म्हणून वाटत नसे. गवत वाळलं की दर वर्षी वणवा यायचा, काही घरटी न्यायचा, काही बिळं न्यायचा, आणि उरलेले देवाचे आभार मानून पुन्हा काड्या गोळा करायला लागायचे. म्हणून तिथे एक रीत पडली होती. दरबाराच्या तोंडाशी निखाऱ्यांचं कुंड असायचं. राज्यात नवी वस्तू आली की आधी त्या कुंडात जायची. जळाली तर साधी, नाही जळाली तर पवित्र. आजवर नदीतले गोटे आणि गेरूची ढेकळं एवढीच काय ती पवित्र ठरली होती, त्यामुळे देवघर तसं ओबडधोबडच दिसे.

याच राज्यात एका जुन्या सावरीच्या ढोलीत गोदाक्का राहायची. ती धनेश पक्षीण. धनेशाच्या बायकांचं व्रत मोठं कडक. अंडं घालायची वेळ आली की ढोलीत शिरायचं आणि आतून दार चिखलाने लिंपून घ्यायचं. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवायची, बस. आत बसलं की पंखांची पिसं गळून जातात, उडणं संपतं. पिलाला पिसं फुटेपर्यंत बाहेर यायचं नाही. नवऱ्याने फटीतून उंबरं भरवायची, आणि बाईने अंधारात बसून वनदेवीचं नाव घ्यायचं. अशी बारा वर्षं अखंड झाली की उद्यापन. मग वनदेवी सात पिढ्यांची ढोली राखते, असा सगळ्यांचा विश्वास. जिने मधेच दार मोडलं तिची ढोली मात्र जायची. तो राजाचा कायदा होता.

गोदाक्काचं हे बारावं वर्ष होतं.

त्या आनंदाला एक काटा होता. तिची जाऊ शेजारच्याच झाडावर चौथ्या वर्षाच्या व्रताला बसली होती, आणि वणवा आला तेव्हा ढोलीसकट गेली. दार मोडायचं तिच्या मनातही आलं नसणार. तेव्हापासून गोदाक्का बसायच्या आधी महिनाभर वाऱ्याचा वास घेत राहायची.

त्याच वर्षी हिरव्या डोंगराची गोष्ट सुरू झाली.

डोंगर राज्याच्या कडेला होता. सापाच्या कातेसारखा गुळगुळीत, हिरवा, आणि अंगावर गवत म्हणाल तर विरळ. तिथे चरायला कोणी जात नसे. एक दिवस एका खारीला त्याच्या पायथ्याच्या ओहळात पांढऱ्या धाग्यांचा झुबका सापडला. कापसासारखा मऊ, पण दगडातून निघालेला. झुबका दरबारात आला आणि रीतीप्रमाणे कुंडात गेला. सगळे वाट बघत राहिले. निखारे विझत आले तेव्हा तो बाहेर काढला, तर मळ तेवढा जळून गेलेला आणि धागा आधीपेक्षा शुभ्र. म्हातारा गवा तिथला राजा. तो उठून उभा राहिला. राजा उभा राहिला म्हणून दरबार उभा राहिला, आणि कासवालाही निदान मान तरी उंच करावी लागली.

धागा कुठून येतो ते शोधायची आज्ञा झाली. साळिंदर साळबाने डोंगराच्या पाठीवर चर खणले. तीन चरांत धागा लागला, चौथ्यात नुसता दगड. मग टोकेपंत सुतारपक्ष्याने खोल भोकं पाडली आणि आतून निघालेल्या दगडाच्या कांड्या केळीच्या पानांवर ओळीने मांडल्या, वरची आधी, खालची नंतर. ती ओळ कोणी ओलांडली की टोकेपंत अंगावर धावून जायचे. खवल्या मांजर खवलेशास्त्री एकेक कांडी उचलून जिभेने चाटून बघत. दगडाची जात चवीवरून कळते, असं त्यांचं म्हणणं. टोकेपंतांनी एकदा विचारलंच, "शास्त्रीबुवा, मीठ हवंय का थोडं?"

शास्त्रीबुवांनी त्या कांड्यांत जे वाचलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. हा डोंगर मुळात हिरवा नव्हता, ते म्हणाले. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला हा काळा, जड, तापट दगड. त्याला फार तहान होती. भेगांतून पाणी आत शिरलं, दगड ते प्यायला, फुगला, तडकला, आणि पिता पिता त्याचा रंग पालटून हिरवा झाला. मग जिथे जिथे तडा गेला तिथे पाण्याने आणि दगडाने मिळून धागा विणला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, फणीच्या दातांसारखा दाट. कडेच्या तड्यांत धागा आखूड, मधल्या तड्यांत बोटभर लांब. कोट्यवधी वर्षं डोंगराने तो असा मिटून धरलाय. आता मागाल तेवढा निघेल.

आणि निघाला. सुगरणींनी त्याच्या चटया विणल्या, सशांनी बिळांना अस्तर लावलं, राजाच्या पाठीवर झूल आली. गावोगाव उत्सव झाले. पहिल्यांदाच त्या राज्यात उन्हाळा आला आणि कोणी वाऱ्याचा वास घेतला नाही.

गोदाक्का ढोलीत बसणार तेव्हा राजाने व्रत करणाऱ्या बायकांसाठी खास मऊ कापूस पाठवला. तिने तो डोक्याला लावून घेतला. जावेची आठवण येऊन डोळे भरले. नवऱ्याला म्हणाली की दोन वर्षं आधी हा मिळता तर. तिचा नवरा भानोबा एरवी बोलका; त्या दिवशी त्याने नुसता चोचीने कापूस ढोलीत सारून दिला. मग तिने ढोलीभर कापूस अंथरला, अंडं घातलं आणि दार लिंपून घेतलं.

दिवस चांगले गेले. भानोबा उंबरं आणायचा आणि बाहेरच्या बातम्या फटीतून आत सोडायचा. वणवा आला आणि डोंगराच्या पलीकडेच विझला. पिलू बाहेर आलं, मुलगी होती, आणि तिची भूक बघून भानोबा म्हणाला की ही माहेरची उंबरं संपवूनच सासरी जाणार.

मग पिलू शिंकायला लागलं.

गोदाक्काने आधी दृष्ट काढली. शिंका थांबेनात. मग खोकला आला, बारीक, कोरडा. ढोलीत दिवसातून एकदाच ऊन शिरे. माथ्यावर सूर्य आला की फटीतून एक किरण आत उतरायचा आणि थोड्या वेळाने निघून जायचा. त्या दिवशी गोदाक्का पिलाचं तोंड बघायला किरणाजवळ सरकली, आणि तिला दिसलं. त्या उजेडात बारीक बारीक तुसं तरंगत होती. केसाहूनही बारीक, चकचकीत. तिने वाट बघितली. ती खाली बसत नव्हती. पिलाने श्वास घेतला की त्याच्याकडे वळत, सोडला की थोडी हलत, पण सगळी परत येत नसत.

तेवढ्यात झाडाखाली कोणीतरी धापा टाकत बसल्याचा आवाज आला. चर खणणारा साळबाच होता. हल्ली दहा पावलं चालला की त्याला बसावं लागे. राजवैद्य बगळा म्हणे, कंदमुळं कमी खा. गोदाक्काने फटीतून विचारलं, "साळबाभाऊजी, हे कधीपासून?"

"डोंगर उघडला तेव्हापासून, वहिनी," साळबा म्हणाला. मग बराच वेळ श्वास जमवत राहिला. "खणताना सगळं धुकं धुकं व्हायचं. पण आगीतून निघालेली वस्तू. तिच्यावर संशय कसा घेणार?"

गोदाक्का मागे सरकली. बारा वर्षांत तिने देवीकडे काही मागितलं नव्हतं, आजही मागितलं नाही. नुसतं सांगितलं. आई, दार मोडलं तर ढोली जाईल, आणि अकरा वर्षांची पुण्याई जाईल. नाही मोडलं तर ही जाईल. मग तिला आपलंच हसू आलं. देवीला काय चिखलाच्या दाराची हौस आहे? दार पिलासाठी होतं. पिलू दारासाठी नव्हतं.

पण कापूस उचलला की तुसं आणखी उडणार. ती घर सांभाळणारी बाई, केर काढायच्या आधी सडा घालायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने भानोबाला हाक मारली. "अहो, उंबरं राहू द्या. ओढ्यातलं शेवाळ आणा, निथळत आणा. जमेल तेवढं."

"तहान लागलीय की आंघोळ काढलीय?" भानोबा म्हणाला. पण तिचा आवाज ऐकून लगेच उडाला.

वीस खेपा झाल्या. गोदाक्काने पिलाला पोटाखाली घेतलं आणि शेवाळ पिळून पिळून सगळा कापूस भिजवला. दुसऱ्या दिवशी किरण आला तेव्हा त्याच्यात काही नव्हतं, नुसता उजेड होता. पण ओलं वाळणार हे ती जाणून होती. भिजलेल्या कापसाचा बोळा फटीतून जाण्यासारखा नव्हता. तिने डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि दारावर चोच मारली.

बाराव्या वर्षी गोदाक्काचं व्रत मोडलं ही बातमी तिसऱ्या प्रहराच्या आत राज्यभर झाली. जिने उभ्या जन्मात स्वतःचं अंडं उबवलं नाही ती कोकिळा सगळ्यात जास्त हळहळली. पिसं गळालेली गोदाक्का ढोलीच्या तोंडाशी बसून होती, उडता येत नव्हतं, पिलू पंखाखाली, ओला कापूस शेवाळात गुंडाळून बाहेर काढलेला, आणि आतून मोकळा वारा वाहत होता. भानोबा वरच्या फांदीवर पहारा देत होता. कायदा होता म्हणून राजाला स्वतः यावं लागलं. बरोबर दरबार, आणि राजाची लाडकी नात, एवढंसं वासरू, आजोबांच्या पायांत घुटमळत.

राजाने विचारलं की हे काय केलंस. गोदाक्का म्हणाली, "महाराज, ढोली घ्यायची तर घ्या. आधी एवढं करा. त्या पानांतून ऊन पडतंय ना, तिथे उभं राहून आपली झूल एकदा झटका."

दरबारात कुजबुज झाली. राजा म्हातारा होता, पण मानी नव्हता. तो उन्हात गेला आणि अंग झटकलं.

उन्हाचा तो पट्टा तुसांनी भरून गेला, आणि तुसं हळूहळू, घाई न करता, खाली वासराच्या उंचीवर येत राहिली. नात ती पकडायला नाक वर करून उभी राहिली. राजाने तिला शिंगाने अलगद बाजूला लोटलं, आपण वाऱ्याकडे पाठ करून मधे उभा राहिला, आणि मग श्वास रोखूनच विचारल्यासारखं हळू विचारलं, "बाई, तू काय केलंस ते सगळ्यांना सांग."

गोदाक्काने सांगितलं. आधी पाणी, मग हात लावायचा.

पुढचे आठ दिवस त्या राज्याने जो उत्सव केला तसा आधी कधी झाला नव्हता. हत्तींनी सोंडेने बिळं न बिळं भिजवली. माकडांनी शेवाळाच्या माळा करून झाडाझाडावर नेल्या, आणि निम्म्या एकमेकांच्या अंगावर टाकल्या. सुगरणींनी ओल्या चटया न झटकता गुंडाळल्या. राजाची झूल नदीत बुडवून सगळ्यात आधी चरात गेली. खवलेशास्त्री प्रत्येकाला समजावत फिरले की डोंगराने हे मिटून धरलं होतं तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. हेच आधी का नाही सुचलं, असं टोकेपंतांनी विचारलं तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले, "मी चाटून पाहिलं, हुंगून नाही पाहिलं." सगळा ओला कापूस साळबाच्या चरांत परत गेला.

चर बुजवायचे कोणी हा प्रश्न आला तेव्हा राज्यातल्या सगळ्या धनेश बायका पुढे झाल्या. लिंपणं त्यांच्याइतकं कोणाला येणार. गोदाक्काला तोवर नवी पिसं फुटली होती. राजाने तिची ढोली घेतली नाही, आणि तिचं व्रत पुरं धरून उद्यापन या चरांवरच व्हावं असं व्रत करणाऱ्या बायकांनीच ठरवलं. ओटीला ओली माती आणि गवताचं बी. साळबाची धाप काही पुरती गेली नाही, पण त्याने पायथ्याशी बसून एकेक चर दाखवला, कुठला किती खोल आहे ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. जिथे कसलं बी रुजत नाही म्हणत तिथे दुसऱ्या पावसात चार हिरवी पाती दिसली.

पिलू मोठं झालं. त्याच्या पंखांचा आवाज असा भरदार की डोंगरावरून गेलं की खाली झाडं हलल्यासारखी वाटत. एक दिवस ते असंच ओरडत, पूर्ण छातीने ओरडत डोक्यावरून गेलं. गोदाक्का तेव्हा शेवटच्या चरावरची माती चोचीने सारखी करत होती. तिने वर बघून लेकीला हळू म्हणून खूण केली. मग पंख पसरून त्या ओल्या मातीवर ठेवला, आणि झोप लागेपर्यंत आई थोपटते तशी, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत, डोंगराला थोपटत राहिली.