रेड्याचे घोट

शके अठराशे चौऱ्याण्णव, वैशाख. त्या काळी जनावरं पंचायत भरवत. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता आणि त्याचं जांभळं पाणी ओढ्यात उतरे. पिणाऱ्यांच्या पोटात गाठी होत, पण काही वर्षांनी.

किती पाणी चालेल, हे ठरवायची रीत जुनी होती. रेड्याने प्यायचं. पौर्णिमेपर्यंत तो उभा राहिला, तर तेवढं सगळ्यांना चालतं. रेडा रोज वीस घोट प्याला आणि उभा राहिला.

साळिंदरीण म्हणाली, "माझं पोर रेड्याच्या खुराएवढं आहे. पलीकडच्या काठावर पाचच घोट ठरलेत. पाणी तर एकच."

"तिकडची पोटं नाजूक असतील, बाई," प्रधान कोल्हा हसला. कारखान्याच्या खरकट्यावर त्याचं घर चाले. "रेडा उभा आहे ना?"

"गाठ पौर्णिमा बघून येत नाही."

"मग पिऊ नका."

दुसरं पाणी नव्हतं.

शेजारच्या मुंगसाला तिनेच एकदा बीळ खणून दिलं होतं. "वहिनी, तुमचं एक खणणं माझ्याकडे उसनं आहे," असं तो नेहमी म्हणे. पंचायतीत मात्र त्याने कोल्ह्याकडे बघून मान डोलावली.

तिसऱ्या वर्षी पोराच्या पोटात गाठ आली. ते ठरल्यापेक्षा एक घोटही जास्त प्यालं नव्हतं. पंचायतीने पुन्हा विचार केला आणि विसाचे अठरा घोट केले. रेडा तेव्हाही उभाच होता, पोटाखाली गाठ लोंबत.

त्याच दिवशी पोर गेलं. साळिंदरणीला उठवेना. मुंगसाने ओढ्याकाठी खड्डा खणला, पोराला ठेवलं आणि माती लोटली.

उसनं फिटलं.