ओची बारव

बारवेच्या तळाशी एक टोपली आधीच भरलेली होती. गाळ ताजा, कडेनं पाणी निथळत होतं. आणि आज रेवतीच्या आधी तर कोणी खाली उतरलंच नव्हतं. ती धडपडत पायऱ्या चढून वर आली.

मठाच्या महाविद्यालयाची मुलं-मुली दर हिवाळ्यात श्रमदानाला या गावी येत. काठावर बसलेल्या गावच्या रंभाजीतात्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"टोपली दिसली वाटतं? दिसायचीच. तो थांबलाय कुठं अजून!"

फार पूर्वी, असं सांगतात, याच मठाचे विद्यार्थी दुष्काळात इथला गाळ काढायला आले होते. सेवा मौनात करायची, शेवटची घंटा होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नेम. भानुदास नावाचा विद्यार्थी सगळ्यात खाली होता. अचानक झरा फुटला, गाळ खचला, तो कमरेपर्यंत रुतला. "कोणी आहे का?" त्यानं तीनदा हाक मारली म्हणे. वरच्यांनी ऐकली, पण नेम मोडेल म्हणून एकानंही ओ दिली नाही. घंटा झाल्यावर धावले, तेव्हा तळाशी नुसतं पाणी.

"म्हणून आजही गावातलं माणूस खाली उतरलं की एक जण काठावर बसतो, ओ द्यायला. इथं कोणाची हाक रिकामी जाऊ द्यायची नाही, असा आता भानुदासाचाच नेम आहे, पोरी. वरून ओ गेली नाही, तर..."

"तर काय, तात्या?"

"म्हणून तर वरून द्यायची. मी दोर घेऊन येतो, तोवर उतरू नका."

तात्यांची पाठ वळली तशी गटप्रमुख गौराक्का हसली. "घाबरट! गावातल्याच कोणी भरली असेल टोपली. चल, उतर." तिनं घंटा दिली. मठाचं तेच मौन सुरू झालं.

रेवती उतरली. शेवटच्या पायरीपुढं पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. सावरायला दुसरा टाकला, तोही गेला.

"कोणी आहे का?"

काठावर गौराक्काचं डोकं दिसलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"गौराक्का, अगं पाय निघत नाहीये!"

डोकं मागं गेलं. वर फावड्यांचा आवाज चालूच होता. गाळातून पाणी वर येत कमरेला लागलं. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज पुरता फुटलाही नाही.

"ओ," गाळातून, अगदी तिच्या पायांजवळून उत्तर आलं. "ओ... आलो."