टोपलीखालचं पाऊल

“माणूस न बघता त्याचा स्वभाव सांगता येतो का, आबा?”

“येतो की.”

“मग मला शिकवा.”

आमचे फौजदार इंगवलेसाहेब असे दारातूनच बोलत आत शिरले. खरं तर त्याआधी ते फोनवर कुणाला तरी झापत होते. बूट-मोजे दाराशी काढले आणि तरातरा अंगण तुडवत थेट ओसरीवर. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं. आबांची सून ओरडली, “अहो, कडेनं या!” ऐकतंय कोण! मी त्यांचा ड्रायव्हर, मी आपला मुकाट्यानं कडेनं गेलो.

गेनूआबा म्हणजे जुने हवालदार. माग काढावा तर त्यांनीच. पाऊल दिसलं की आधी त्यावर टोपली पालथी घालायची, मग पंचांना बोलवायचं, ही त्यांची रीत. पावलावरून माणूस कुठल्या खांद्यावर ओझं वाहतो ते सांगायचे, आणि निघायचंही तसंच.

साहेबांनी खिशातून चार पानं काढली. दुकानवाल्या यमुनाबाईंचा खून झाला होता. साहेब पुण्याला गुन्हेगाराचं मन ओळखायचं शिक्षण घेऊन आलेले. घटनास्थळ बघून त्यांनी खुन्याचा स्वभाव लिहून काढला होता. तापट, एकलकोंडा, पस्तावा नसलेला. खाणीवरचा हणमा त्यात तंतोतंत बसला. दुसरा पुरावा नाही. तरी उद्या त्याच्यावर खुनाचं आरोपपत्र जायचं होतं.

“हणमा काय म्हणतो?” आबांनी विचारलं.

“रडतो. सगळेच रडतात.”



“जेवून घ्या,” आबा म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

जेवणं झाली. सुनेनं अंगण पुन्हा एकसारखं सारवलं होतं, ते वाळलंही होतं. फक्त ऐन मध्यात एक टोपली पालथी.

आबांनी ती उचलली. खाली एक अनवाणी पाऊल.

“वाचा.”

साहेब उकिडवे बसले. बराच वेळ बसले. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार होता. बोलायला लागले तेव्हा मी ऐकतच राहिलो.

“पुरुष. भार जास्त चवड्यावर, म्हणजे रागात होता. ओल दिसत असून मधूनच गेलाय. दुसऱ्याच्या कष्टाची किंमत नाही. कुणी हटकलंही असेल, यानं ऐकलेलं नाही. पाऊल जरासुद्धा अडखळलेलं नाही… मनात आधीच सगळं ठरवून आलेला माणूस.”

“खून करंल?”

“आबा, यानं केलाच असेल!”

आबांनी मान हलवली.

“पाय ठिवा त्यात.”

“कुणाचा? माझा?” साहेब हसले.

आबा हसले नाहीत.

साहेबांनी पाय ठेवला. टाचेत टाच बसली. अंगठ्यात अंगठा बसला. त्यांची करंगळी जमिनीला टेकत नाही, तशी त्या ठशातही नव्हती. जन्मभर बुटात राहिलेल्या माणसाला आपलं पाऊल कुठून ओळखू येणार?

देवाशपथ सांगतो, म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब पाय काढेनात. खिशाकडे गेलेला हात तसाच थांबला.

“हणमा…” एवढंच बोलले. मग, “आबा, म्हणजे मी चुकीचं वाचलं?”

आबांनी वाकून त्यांचा पाय हातानं हलकेच बाजूला केला. ठशावर टोपली परत पालथी घातली.

“एक अक्षर चुकलं न्हाई, लेकरा… खून तेवढा तू केला न्हाईस.”